आधी यंत्राला विचारा



आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे शिकलो ते संघटनेच्या कचेरीत. मग संगणकाच्या स्मृतीवर बोलण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला, असे आपण विचाराल. माणूस ज्या हत्याराने पोट भरतो, ते हत्यार हा कामगार चळवळीचाच विषय आहे, एवढेच आमचे उत्तर.

आमच्या वस्तीतला एक मुलगा लग्नाच्या चित्रफिती जुळवतो. फुरसतीला त्याच यंत्रावर खेळही खेळतो. यंत्र अडखळू लागले. दुकानदार म्हणाला, "नवेच घ्या." आईने पोस्टातली ठेव मोडायची तयारी केली. मुलगा म्हणाला, "काका, काय करू?" आम्ही म्हटले, "आधी यंत्राला विचार."

काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडावा. त्याची ८ जीबी रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली दिसली. रॅम म्हणजे कारागिरापुढचे बाकडे आणि डिस्क म्हणजे गोदाम. बाकडे भरले की यंत्राला प्रत्येक वस्तूसाठी गोदामात खेपा घालाव्या लागतात. पण बाकडे अर्धे रिकामे असेल, तर ते वाढवून उपयोग नाही. खेळात बहुधा ग्राफिक्स कार्ड कमी पडत असते. साधारणपणे आजच्या खेळांना १६ जीबी पुरते. मोठ्या चित्रफितींना ३२ बरी.

खरेदीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगळ्या जागी असते. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. सारख्या दोन पट्ट्या योग्य खोबणींत लावल्या, तर दोन्ही वाटांनी माल वाहतो. कित्येक लॅपटॉपांत रॅम डाख देऊन पक्की केलेली असते. तिथे पुढे वाढ नाही, हे घेतानाच विचारावे. आणि वेगवान पट्टी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करीपर्यंत बहुधा मंदच चालते.

पट्टी बसवताना वीज तोडावी आणि आधी धातूला हात लावावा. आपल्या कोरड्या हवेत अंगावर विद्युत्भार साचतो. १८७७ साली सुरू झालेल्या आपल्या एम्प्रेस मिलमध्ये याच कोरड्या हवेसाठी ओलावा सोडणारी यंत्रे बसवावी लागली होती, हे जुन्यांना ठाऊक आहे.

आता भावाची गोष्ट. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांकडे स्मृतीच्या चिपा वळल्या. त्या डिसेंबरात मायक्रॉन कंपनीने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय सोडत असल्याचे जाहीर केले. तेव्हा सीताबर्डीच्या दुकानदाराशी भांडून काय होणार? वापरलेली पट्टी घ्यावी, पण विंडोजमधल्या स्मृतीच्या चाचणीतून काढूनच.

त्या मुलाने ८ जीबीची दुसरी, जोडीची पट्टी बसवली. आईची ठेव वाचली. रात्रीचे दोन तास वाचले. लगेच काम देणारा म्हणाला, "आता लवकर होते ना? मग दर कमी कर."

बंधूंनो, खरा प्रश्न इथे सुरू होतो. पट्टी मुलाच्या पैशाची, वाचलेला वेळही त्याचाच. गावातल्या अशा मुलांनी एकत्र बसून दर ठरवावा. बसायला आमची कचेरी उघडी आहे.