माधव नावाचं कपाट

वाचनालयातल्या कपाटांची मांडणी आपल्याला पाठ असते. कादंबऱ्या दाराजवळ, चरित्रं त्यांच्या पलीकडे, कविता खालच्या फळीवर आणि कोश कुलपात. प्रत्येक कपाटात पुस्तकं लेखकाच्या आडनावानं लावलेली. आपण वर्षानुवर्षं त्यातल्या दोन-तीन कपाटांपुढेच उभे राहतो. कादंबरीवाला कादंबरीच नेतो, अध्यात्मवाला अध्यात्मच. आज तुमच्यापुढे मी एक उफराटी रीत मांडणार आहे. विषय बाजूला ठेवायचा, आडनावही बाजूला ठेवायचं आणि लेखकाच्या पहिल्या नावावरून पुस्तकं काढायची. नाव एकच, बाकी कशाचीही हमी नाही.

आता नाव कोणतं घ्यायचं? यवतमाळ जिल्ह्यात बसून निवड करायची, तर मी म्हणेन, माधव. कारण या नावाचा एक मोठा ग्रंथकार आपल्याच वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी जन्मला. माधव श्रीहरी अणे. आपण त्यांना लोकनायक बापूजी म्हणतो. यवतमाळात त्यांच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे. ते टिळकांचे अनुयायी होते, यवतमाळला वकिली करत, पुढे बिहारचे राज्यपाल झाले, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण बापूजींनी लिहिलेलं काही आपण वाचलंय का, असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील.

बापूजींनी उत्तरायुष्यात लोकमान्यांचं चरित्र संस्कृत महाकाव्यात लिहिलं. त्याचं नाव ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’. हजारो श्लोक, तीन खंड. २६ जानेवारी १९६८ ला बापूजी गेले आणि पुढे १९७३ साली या ग्रंथाला संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच १९७३ मध्ये यवतमाळला ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. संमेलनाध्यक्षपद तर खुद्द बापूजींनीही भूषवलं होतं, १९२८ साली ग्वाल्हेरला. वऱ्हाडातला एक वकील कोर्ट, तुरुंग आणि राजभवन बघून शेवटी संस्कृत वृत्तांकडे वळतो, ही गोष्टच वाचकाला त्या ग्रंथाकडे ओढून नेणारी आहे. सगळे श्लोक कळले नाहीत तरी चालेल. पहिला खंड हातात घेऊन त्यातली चार पानं शाळेतल्या संस्कृतच्या शिक्षकांकडून समजून घ्या.

आता त्याच फळीवर दुसरं पुस्तक ठेवू. माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे आपले माधव ज्युलियन. बापूजींनंतर आठ वर्षांनी, १९३६ मध्ये, जळगावच्या संमेलनाचे हे अध्यक्ष. एक माधव संस्कृतात रमलेला, तर दुसरा फारसीचा प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फार्सी-मराठी कोश काढला. ‘गज्जलांजलि’ लिहून गझलेची वृत्तं मराठीत रुजवली. आणि हाच माणूस पुढे परकी शब्द मराठीतून काढावेत म्हणून ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहितो! एकाच लेखकाची ही दोन टोकं पाहायची तर दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवावी लागतात. ‘छंदोरचना’ या त्यांच्या ग्रंथाबद्दल मुंबई विद्यापीठानं १९३८ मध्ये त्यांना डी.लिट. दिली. आज अमरावतीच्या सुरेश भटांमुळे गझल वऱ्हाडात घराघरांत पोचली आहे. यवतमाळात मुशायऱ्याला बसणाऱ्या तरुणांनी एकदा तरी ‘छंदोरचना’ उघडून पाहावी. मात्रा कशा मोजायच्या, हे तिथे बैजवार सांगितलं आहे.

तिसरं पुस्तक नाटकाचं. माधव नारायण जोशी यांचं ‘संगीत स्थानिक स्वराज्य अथवा म्युनिसिपालिटी’, १९२५ सालचं. नगरपालिकेची निवडणूक, मतांची ओढाताण, निवडून आल्यावरचा रुबाब, सगळं त्यात आहे. नगरपालिकेच्या निवडणुका आपणही पाहतो, त्यामुळे जास्त काही सांगत नाही. याच जोशींनी ‘वऱ्हाडचा पाटील’ नावाचंही नाटक लिहिलं.

चौथ्या पुस्तकापाशी मात्र जरा थांबायला हवं. माधव कोंडविलकर यांचं ‘मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे’. देवाचे गोठणे हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातलं गाव. लेखक चर्मकार कुटुंबातला, पेशानं प्राथमिक शिक्षक. शिकला, शिक्षक झाला, तरी गाव त्याला जातीच्या पायरीवरून वर येऊ देत नाही. पुस्तक रोजनिशीच्या रूपात आहे, म्हणून अपमान एकदम अंगावर कोसळत नाही. तो रोज थोडा थोडा साचत जातो. आतापर्यंतच्या माधवांची आडनावं आठवून पाहा. अणे, पटवर्धन, जोशी. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात लेखणी कोणाच्या घरी होती, हे ती आडनावंच सांगतात. कोंडविलकरांचं पुस्तक येतं १९७९ मध्ये. नाव तेच, पण ते पुस्तकाच्या मुखपृष्ठावर यायला किती वर्षं लागली बघा. विषयवार कपाटात हे पुस्तक ‘दलित आत्मकथन’ म्हणून वेगळं काढलेलं असतं आणि ठरावीक वाचकच तिकडे जातात. आपल्या फळीवर ते पटवर्धनांच्या गझलेला खेटून उभं राहतं. तो शेजार दोघांनाही उपकारक आहे.

पाचवे माधव गाडगीळ, परिसरशास्त्रज्ञ. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे त्यांचं नाव सर्वांनी ऐकलं. ‘सह्याचला आणि मी : एक प्रेमकहाणी’ हे त्यांचं आत्मकथन मराठीत आहे. आता या फळीवरची एक गंमत सांगतो. जुलै १९३० मध्ये बापूजी अण्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि तुरुंगवास पत्करला. आपल्या जिल्ह्यातला हा जंगल सत्याग्रह. मिठाच्या सत्याग्रहासाठी लागणारी मिठागरं समुद्राकाठी होती, आपल्याकडे होतं जंगल. पण गवत कापणं हा गुन्हा ठरला तरी कसा? त्याचं उत्तर माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी १९९२ च्या ‘धिस फिशर्ड लँड’ या इंग्रजी पुस्तकात दिलं आहे. ब्रिटिशांना रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकडी स्लीपर हवे होते. १८७८ च्या वनकायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानातली जंगलं राखीव करण्याचा मार्ग मोकळा झाला आणि चराई, गवत, लाकूडफाटा हे गावांचे पिढीजात हक्क सरकारच्या मर्जीवरच्या सवलती होऊन बसले. म्हणजे एका माधवानं विळा चालवला आणि साठेक वर्षांनी दुसऱ्या माधवानं त्या विळ्यामागचं कारण लिहून ठेवलं. राजकीय चरित्रं एका कपाटात आणि पर्यावरण दुसऱ्या कपाटात, अशा मांडणीत हे दोन माधव एकमेकांना भेटलेच नसते.

बाकीच्यांची ओळख धावती करून देतो. माधव आचवल वास्तुकलेचे अध्यापक. त्यांचं ‘किमया’ वाचलं की भिंत, उजेड आणि मोकळी जागा यांच्याकडे बघण्याची नजर बदलते. नवं घर बांधायला काढलेल्यांनी कंत्राटदाराला भेटण्याआधी ते वाचावं. माधव गोडबोले बाबरी मशीद पडली तेव्हा केंद्रीय गृहसचिव होते. मुदत संपण्याआधीच ते सेवेतून बाहेर पडले. सनदी नोकरीची आतली बाजू त्यांच्या ‘अपुरा डाव’ मध्ये आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनी ते हाती घ्यावं. माधव वझे म्हणजे अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ चित्रपटातला छोटा श्याम. मोठेपणी ते नाट्यसमीक्षक झाले आणि रंगभूमीवर मन लावून लिहीत राहिले.

आणि या फळीवर एकही बाई नाही, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. म्हणून नियम थोडा सैल करायचा आणि माधवी देसाई यांचं ‘नाच गं घुमा’ आणायचं. वडील चित्रपटसृष्टीतले भालजी पेंढारकर, पती कादंबरीकार रणजित देसाई. दोन मोठ्या नावांच्या मधोमध राहून स्वतःचं आयुष्य स्वतःच्या शब्दांत लिहिणं किती अवघड होतं, ते या आत्मकथनातून कळतं.

आता कोणी म्हणेल, नावावरून पुस्तक निवडायला काय अर्थ आहे? नाव तर आईबापांनी, नाहीतर आत्यानं ठेवलेलं. त्याचा लेखनाशी संबंध काय? काहीच नाही, आणि याच कारणानं ही रीत उपयोगी आहे. आपली आवड, आपली जात, आपला प्रांत, आपला पक्ष, हे सगळे आपल्या नकळत आपलं पुस्तक निवडत असतात. पहिलं नाव त्यातल्या कोणाचंच ऐकत नाही. ते संस्कृत महाकाव्य, फारसी कोश, निवडणुकीचं प्रहसन, चर्मकार शिक्षकाची रोजनिशी आणि जंगलाचा इतिहास एका दावणीला आणून बांधतं.

हे करताना एक अडचण येते, तीही सांगून ठेवतो. आपल्याकडे लेखक आद्याक्षरांत झाकलेले असतात. मा. श्री., मा. त्रिं., मा. ना., यांत माधव कुठे दिसतो? व. पु. काळ्यांमध्ये वसंत आहे, हेही सांगावं लागतं. तेव्हा मुखपृष्ठाकडे बघून भागत नाही, आतलं शीर्षकाचं पान उघडावं लागतं. ग्रंथपालांना विचारा. त्यांना ही नावं पाठ असतात.

माधव नको असेल तर शंकर घ्या. दारव्हा तालुक्यातल्या बोरीअरबचे शंकर बडे, ‘बॅरिस्टर गुलब्या’ सांगणारे आपले वऱ्हाडी कवी. त्यांच्या शेजारी कथाकार शंकर पाटील आणि कवी शंकर वैद्य. किंवा नामदेव घ्या. संत नामदेवांची गाथा, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आणि शेजारच्या वाशीम जिल्ह्यातले नामदेव कांबळे यांची ‘राघववेळ’, जिला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पंधरा ऑक्टोबरला आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी शाळांत आणि वाचनालयांत पुस्तकांची प्रदर्शनं मांडली जातात. जिल्ह्यातल्या ग्रंथपालांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे की यंदा एक टेबल तरी नावावरून लावा. वणीकरांनी माधवचं लावावं, दारव्ह्यानं शंकरचं. मुलांना सांगा, तुमच्या नावाचा लेखक शोधून आणा. ज्या मुलीच्या नावाची लेखिका कपाटात सापडणार नाही, तिला एक कोरी वही द्या.