दुबार पेरणीचा रकाना

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावीच्या अर्जावर आपण सगळ्यांनी 'जिल्हा परभणी' लिहिलं होतं. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, तोवर मी शिक्षणासाठी गाव सोडलं होतं. संयोजकांनी मला 'संगणक आणि शेती' हा विषय दिलाय. त्यातला संगणक मला येतो. शेती येत नाही, हे कळायला मात्र चाळिशी गाठावी लागली, आणि ते कळलं आपल्याच भागातल्या एका सोयाबीनच्या रानात. तेवढंच सांगते.

पुण्यात मी ज्या कंपनीत होते तिथं आम्ही सोयाबीनवाल्यांसाठी एक ॲप तयार केलं. शेतकऱ्यानं पेरणीची तारीख टाकायची, मग इतक्या दिवसांनी कोळपणी, इतक्या दिवसांनी फवारणी, असे संदेश त्याच्या मोबाइलवर जायचे. कृषी विद्यापीठाच्या शिफारशी समोर ठेवूनच केलं होतं. मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या. त्या पावसाळ्यात गावी आले, तर चुलतभाऊ म्हणाला, "ताई, उद्या शेतीशाळा आहे, चल."

आपल्याकडं २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या शेतीशाळा भरायला लागल्या. मूळ कल्पना १९८९ ची, इंडोनेशियातली. तिथं भातावर तपकिरी तुडतुडे आले होते आणि फवारण्या वाढवून ते हटत नव्हते, कारण औषधानं त्यांना खाणारे किडेच आधी मरत होते. तेव्हा शेतकऱ्यांनाच बांधावर जमवून किडे मोजायला लावलं. आपल्याकडंही तेच. एकाच्या रानात नव्या पद्धतीचा प्लॉट, शेजारी नेहमीच्या पद्धतीचा. दर काही दिवसांनी जमायचं, झाडं निवडायची, मित्रकीटक किती, शत्रूकीटक किती ते मोजायचं, मोठ्या कागदावर चित्र काढायचं आणि फवारायचं की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आपल्या विज्ञानाच्या सरांनी हा वर्ग बघायला हवा होता. प्रयोगवहीत 'निरीक्षण' या मथळ्याखाली आम्ही गाइडमधून उतरवायचो, इथं माणसं चिखलात बसून खरंखुरं करत होती. चक्रीभुंग्यानं देठाला पाडलेल्या दोन चकत्या मी जन्मात पहिल्यांदा तिथं पाहिल्या, आणि माझा जन्म शेतकऱ्याच्या घरचा.

वर्ग संपल्यावर भावानं कौतुकानं सांगितलं, "हे ॲप आमच्या ताईनं केलंय." एक काकू पुढं आल्या. म्हणाल्या, "माय, तुमच्या मोबाइलात एकदाच पेरता येतं का? आमाला तर दोनदा पेरावं लागलं."

जूनमध्ये पेरलं, पावसानं खंड दिला, उगवलंच नाही, वीस-बावीस दिवसांनी पुन्हा पेरलं. आमच्या ॲपमध्ये तारखेचा रकाना एकच होता आणि एकदा भरला की कुलूप. त्यामुळं पीक हातभर नाही तोच त्यांना फुलोऱ्यातल्या फवारणीचा निरोप गेला. त्यांनी बिचाऱ्यांनी औषध आणलं, गडी लावला, फवारलं. निरोप माझा होता. पैसे त्यांचे गेले.

मी गप्प उभी राहिले. पण खरी लाज ऑफिसात परतल्यावर वाटली. बऱ्याच शेतकऱ्यांनी त्याच रानाची दुसऱ्या तारखेनं नवी नोंद केली होती. आम्ही त्या नोंदी 'चुकीच्या' म्हणून पुसायचो, आणि तो नियम लिहिणारी मीच. दुबार पेरणी कुठं झाली, केव्हा झाली, याची आयती माहिती शेतकरी पाठवत होते आणि आम्ही ती कचरा म्हणून टाकत होतो.

दुसऱ्या तारखेचा रकाना टाकायला दोन दिवस लागले. तो टाकायची परवानगी मिळायला दोन महिने. "शिफारशीत असं नाही," हे वाक्य मी तेव्हा इतक्यांदा ऐकलं! शिफारस चुकीची नसते हो. रुंद सरी वरंब्याचंच घ्या. सोयाबीनला तो चांगला, पावसाच्या खंडात ओल धरतो, जास्त पावसात पाणी काढून देतो. पण त्याचं यंत्र कितीजणांकडं असणार? मग लोकांनी साध्या पेरणी यंत्राचं एक नळकं बंद ठेवून ओळ रिकामी सोडली आणि पुढं कोळप्याला दोरी गुंडाळून त्या रिकाम्या ओळीत सरी पाडली. आज ही दोरीची युक्ती कृषी विभागाच्या सल्ल्यातही येते. कुणीतरी बांधावर जाऊन पाहिलं आणि 'हे आमच्या पुस्तकात नाही' असं न म्हणता लिहून घेतलं, म्हणून ती तिथवर पोचली.

आमचं म्हणाल तर, पुढच्या वर्षी टीम बदलली. नव्या मुलानं मला विचारलं, "मॅडम, हा दुसऱ्या तारखेचा रकाना बहुतेक रिकामाच असतो, काढून टाकू?" त्या वर्षी पाऊस वेळेवर झाला होता, रकाना रिकामाच असणार! मुलगा हुशार, पण काकूंना त्यानं पाहिलं नव्हतं. मला जे कळलं ते माझ्यापाशीच राहिलं होतं, संस्थेला काहीच कळलं नव्हतं. मी उद्या नोकरी सोडली असती तर काकूंचं म्हणणंही माझ्याबरोबर गेलं असतं.

त्यानंतर मी एकच हट्ट धरला. आमच्याकडं नवीन येणाऱ्यानं पहिल्या खरिपात शेतीशाळेत मागं बसायचं, आणि पुसलेल्या प्रत्येक नोंदीचं कारण फोन करून शेतकऱ्यालाच विचारायचं. काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

म्हणून आता कामाचं बोलते. आपल्या वर्गातले निम्मे जण आजही शेती करतात, दोघं-तिघं कृषी खात्यात आहेत. येत्या जुलैत आमच्याकडची दोन मुलं इकडं येणार आहेत. त्यांना शाल-नारळ देऊ नका, पुढच्या खुर्चीवर बसवू नका. आखाड्यावर जे असेल ते जेवायला द्या आणि ॲपमध्ये काय चुकतंय ते तोंडावर सांगा. जेवणानंतर माझा नंबर लिहून घ्या, तारखा मी कळवते.