मनीची कुंडी

ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांनी कॅटनिपची एक तरी कुंडी लावावी. झाड तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं, मूळचं युरोप आणि पश्चिम आशियातलं. थंडी त्याला मानवते. आपल्या पावसात मात्र मुळं कुजतात. म्हणून दसरा उलटला की बी पेरावं. मातीत थोडी वाळू मिसळा, बी खोल पुरू नका, वर नुसती माती भुरभुरा. दहा-बारा दिवसांत अंकुर दिसतात. दांडा चौकोनी, पानं करडी-हिरवी, कातरलेल्या कडांची, बोटांना मऊ लव लागते. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात.

आमची मनी कितीतरी दिवस त्या कुंडीजवळून शेपटी उभारून सरळ निघून जायची. मला वाटलं, हिला याचं काहीच नाही. मग एका सकाळी मी रोप मोठ्या कुंडीत हलवलं. हलवताना दोन-चार पानं चुरडली. हात धुऊन येते तर मनी कुंडीत आडवी! गाल घासतेय, लोळतेय, रोप पार भुईसपाट. पानातलं नेपेटालॅक्टोन हे द्रव्य पान दुखावलं की दरवळतं, हे मी तेव्हा शिकले. आता कुंडीवर तारेची टोपली पालथी असते. जाळीबाहेर येईल ते पान तिचं.

सगळ्याच मांजरांना हा वास वेडावत नाही. साधारण तिनातल्या दोघांना. लहान पिल्लांनाही नाही. पण मांजरं अंग घासतात तरी का? जपानी संशोधकांनी 2021 साली अशाच गुणाच्या एका वेलीवर प्रयोग केले. पानांना अंग घासलेल्या मांजरांवर डास कमी बसले. डासांनी हैराण होणाऱ्या आपल्याला हे सहज पटावं.

आणि पावसाळ्यात काय? तेव्हा कुंड्यांतून, भिंतीच्या कडेला आपोआप उगवते आपली खोकली. वर्षानुवर्षं मी ती तण म्हणून उपटून फेकत होते. गेल्या श्रावणात उपटलेलं एक रोप पायरीवर राहिलं. मनी आली, पानांकडे तिनं पाहिलंही नाही. मुळाशी नाक खुपसलं आणि तिथंच लोळू लागली. खोकलीच्या मुळाचा वास मांजरांना असाच भुलवतो. फक्त ती खाऊ देऊ नका, हुंगू द्या.

येत्या जूनमध्ये एक कुंडी मी मोकळीच ठेवणार आहे.