डोंगराच्या पायथ्याशी बिऱ्हाड

मराठीत घर आणि बिऱ्हाड हे दोन निराळे शब्द आहेत. घर बांधावे लागते. बिऱ्हाड थाटावे लागते आणि वेळ आली म्हणजे हलवावेही लागते. मुंबई वाढली ती मुख्यत्वे बिऱ्हाडकरूंच्या बळावर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली आणि पुढे त्याच लोहमार्गाच्या कडेने उपनगरे वसली. ठाण्याच्या अलीकडचे मुलुंड हे त्यांपैकीच एक. स्थानकाच्या पश्चिमेला एकमेकांस काटकोनात छेदणारे आखीव रस्ते, त्यापलीकडे डोंगर. शाळा, मंडई, कालिदास नाट्यगृह, सारे हाताशी. मुलाबाळांच्या कुटुंबाला आणखी काय हवे?

हवे असते ते स्थैर्य, आणि तेच दुर्मीळ आहे. याचे मूळ कायद्याच्या इतिहासात सापडते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण मानले. युद्धकाळच्या टंचाईत गरिबाला आधार देण्याचा हेतू उदात्त होता. परंतु रुपयाचे मोल घसरत गेले आणि भाडे मात्र जागच्या जागी राहिले. मालकाला डागडुजी परवडेना. चाळींची छपरे गळू लागली. एकदा जागा दिली की ती परत मिळत नाही, या धास्तीने कित्येकांनी रिकाम्या खोल्यांना कुलपे घातली. जुन्या भाडेकरूला संरक्षण लाभले, पण नव्याला दारच बंद झाले.

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. आज बहुतेक बिऱ्हाडे 'लीव्ह अँड लायसन्स' करारावर असतात. या करारात राहणाऱ्याला जागेत हक्क मिळत नाही, केवळ परवानगी मिळते. मुदत संपल्यावरही जो जागा सोडत नाही, त्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. करार लेखी व नोंदलेला असावा, असे कायदा सांगतो आणि ती जबाबदारी मालकावर टाकतो. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ही तरतूद प्रत्येक बिऱ्हाडकरूने ध्यानात ठेवावी अशी आहे.

कुलपे उघडली, हा लाभ खराच. तथापि प्रचलित करार अकरा महिन्यांचा आणि शाळेचे वर्ष जूनपासून. कराराची मुदत परीक्षेच्या तोंडावर संपली, तर त्या घरातील मुलाने अभ्यास करावा की भांडी बांधावी? मालक 'कुटुंबच हवे' असे आवर्जून सांगतो. पण कुटुंबाला लागणारा काळ मात्र तो देत नाही. दोन-तीन वर्षांचा करार करण्यास कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती परस्पर अविश्वासाची.

आणि डोंगर? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे शंभर चौरस किलोमीटर रानात विहार व तुळशी हे तलाव आहेत आणि बिबट्यांचा वावरही आहे. २००४ साली या रानाच्या कडेला बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले. उघड्यावरच्या कचऱ्यामागे भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. कचरा वेळेवर उचलणे, वाटेवर दिवे ठेवणे, सांजवेळी मुलांना एकटे न सोडणे, या गोष्टी तेथे शिष्टाचाराच्या नव्हेत, जिवाच्या आहेत. त्या पाळण्यास मालकीहक्काची गरज लागत नाही. लागते ती आपलेपणाची.

परंतु जो पुढच्या वर्षी येथे असेल की नाही हे जाणत नाही, त्याच्या ठायी हा आपलेपणा रुजणार कसा? म्हणून भाड्याची मुदत हा केवळ दोन व्यक्तींमधला व्यवहार नव्हे. बिऱ्हाडाला थोडे स्थैर्य लाभले, तर गल्लीला शेजारी लाभतो आणि डोंगराला राखणदार.