लग्नखर्च आणि आपण
(खंडाळा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



१८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि पुढे मुंबईच्या धनिकांनी हवापालटासाठी आपल्या खंडाळ्यात बंगले बांधले. त्यांपैकी कित्येक वर्षातील बहुतेक दिवस बंदच असतात; माळी तेवढा नित्य झाडांस पाणी घालतो. तसा बंगला आपणही बांधावा, असे आपल्या वाडवडिलांच्या कधी मनात आले नाही. लग्नाच्या बाबतीत मात्र आपण तो विवेक सोडला.

जुलै २०२४ मध्ये मुंबईत अंबानींच्या घरचे लग्न झाले. त्याआधी मार्चात जामनगरला तीन दिवसांचा सोहळा, नंतर पाहुण्यांसह भूमध्य समुद्रात जहाजाची सफर! त्यांच्या संपत्तीच्या मानाने तो खर्च म्हणजे चिमूटभर मीठ. आपण ते मोबाइलवर पाहिले आणि आपल्याकडेही ड्रोन, घोडे, आतषबाजी आली.

मी स्वतः यात दोषी आहे. थोरल्या मुलीच्या लग्नात व्याह्यांनी काहीही मागितले नव्हते. तरी लोक नावे ठेवतील म्हणून भविष्यनिर्वाह निधी उचलला, शिवाय भाताचे एक खाचर विकले. मांडव दोन दिवसांत उतरला. त्या खाचरात आज परक्याचा बंगला आहे. माझा पुतण्या तेथे माळीकाम करतो.

१८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापून जोतीराव फुल्यांनी अल्प खर्चात विवाह लावून दाखविले. दीडशे वर्षे झाली!

धाकट्या चिरंजीवांचे लग्न मंडळाच्या सामुदायिक विवाहात लावण्याचा माझा विचार आहे. घरच्या मंडळींस तो अद्याप पटलेला नाही.