सासूबाईंची चाल मंदावली तेव्हा

बदलापूरच्या आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई वर्षभर पाय घासत चालत होत्या. हिशोबात पक्क्या, पण सुट्टे मोजताना अडखळू लागल्या. लघवीला घाईची लागायची. आम्ही म्हटलं, वय झालं. चुकलोच.

उल्हासनगरला एमआरआय काढला, मेंदूत पांढरे डाग दिसले. मेंदूचं वजन शरीराच्या पन्नासाव्या भागाइतकं, पण ऑक्सिजन पाचवा हिस्सा तोच घेतो. तो पोचवणाऱ्या शेवटच्या नळ्या केसाहून बारीक. वाढलेलं बीपी, साखर, तंबाखू यांनी त्यांच्या अस्तराला आतून सूज येते, भिंती जाड होतात, पाझरतात. दुखत काहीच नाही. पाटाच्या टोकाचा वाफा आधी सुकतो, तसंच हे.

सासूबाईंचं वरचं बीपी १७०! "बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद केलेली, मिशरी मात्र दिवसातून तीनदा. (आमच्यातही दोघी लावतात, नावं सांगत नाही.)

आता बैठकीत हप्त्याआधी बीपी मोजतो. १४०/९० च्या वर गेलं की आरोग्य केंद्रात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर लगेच १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांतच देता येतं.

सासूबाईंचे जुने डाग काही जायचे नाहीत. गोळी मात्र रोज सुनेसमोर घेतात. मिशरीची डबी कुठे लपवलीय, ते अजून सापडलेलं नाही.