विझते की तुटते?

मोटरसायकल 'बंद पडते' असे आपण घरी म्हणतो. गॅरेजमध्ये तसे कोणी म्हणत नाही. तिथे गाडी मिसिंग करते, दम तोडते, झटके मारते, उचलत नाही. कविता लिहिणाऱ्या माणसाला अशा क्रियापदांचा लोभ असतोच. म्हणून नाना पेठेत, जिथे दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने दाटीवाटीने उभी आहेत, तिथे माझे पाय काम नसतानाही रेंगाळतात. पण आज बोलायचे आहे ते एका विशिष्ट दुखण्याबद्दल. गाडी गावात उत्तम चालते, सिग्नलला कुरकुर नाही, कसब्यातल्या गर्दीतूनही नीट निघते; आणि हमरस्त्यावर वेग वाढला की मध्येच मरते.

हे दुखणे माझ्या भाच्याच्या गाडीला जडले होते. पोरगा चाकणला एका कारखान्यात रात्रपाळी करतो. नाशिक रस्त्यावर मोशीच्या पुढे कंटेनरांची रांग असते, हे तिकडून जाणाऱ्यांना सांगायला नको. ट्रकला ओलांडताना गाडीने दम तोडला तर मागचा थांबेलच असे नाही. "मामू, साठच्या पुढं गेली की मरते. दोन मिनिटं उभी केली की पुन्हा चालू," एवढेच तो सांगायचा. आमची आपा मात्र तो सकाळी परत येईपर्यंत जागी असायची. दोन गॅरेजे झाली. प्लग बदलला, प्लगची कॅप बदलली, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर दोनदा उघडून साफ केला. तीन हजार चारशे रुपये गेले. गल्लीत चक्कर मारून 'झाली दुरुस्त' म्हणायचे, आणि त्याच रात्री गाडी मोशीला उभी.

शेवटी त्याला घेऊन मी भवानी पेठेतल्या एका उस्तादांकडे गेलो. सत्तरीचे गृहस्थ. आता स्वतः पाना फारसा हातात घेत नाहीत, स्टुलावर बसून पोरांवर नजर ठेवतात. त्यांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. भाच्याला विचारले, "बेटा, गाडी विझते का तुटते?"

पोरगा गोंधळला. मला मात्र हा प्रश्न घरी नेऊन ठेवावा असा वाटला. उस्तादांनी मग फोड करून सांगितले. दिवा तेल संपल्यावर विझतो: आधी फडफडतो, मंदावतो, एखादी उसळी घेतो, मग जातो. गाडी अशी गेली तर पेट्रोल कमी पडते आहे. धागा तुटतो तेव्हा आधी काही कळत नाही, एका क्षणात दोन तुकडे. कोणी चावी फिरवल्यासारखी गाडी गेली तर करंट तुटतो आहे. भाचा विचार करून म्हणाला, "विझते. आधी ओढ कमी होते, मग दोन-तीन झटके."

म्हणजे कॉइल आणि प्लगवर घातलेले पैसे पहिल्याच प्रश्नात फुकट ठरले.

पण पेट्रोल कमी पडते तर ते गावात का नाही पडत? इथे थोडा हिशोब करू. कागद लागणार नाही. चाळीसच्या वेगाने जाणारी, लिटरला 60 किलोमीटर देणारी गाडी मिनिटाला साधारण 11 मिलिलिटर पेट्रोल पिते. साठच्या वेगाला लिटरला 50 धरले तर मिनिटाला 20. ऐंशीला 40 धरले तर 33. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत पेट्रोलचा छोटा साठा असतो, समजा 25 मिलिलिटर. टाकीतून या वाटीत मिनिटाला वीसच मिलिलिटर येत असेल तर चाळीसला काही कळणार नाही, साठपर्यंतही निभेल. ऐंशीला मात्र दर मिनिटाला 13 मिलिलिटरचा तोटा, आणि दोन मिनिटांत वाटी कोरडी. गाडी उभी केली की वाटी हळूहळू भरते, म्हणून ती पुन्हा चालू होते. महिनाअखेरीला आपल्या घरात जे होते तेच.

मग अडते कुठे? टाकीच्या कॉकमधली जाळी गंजाने भरलेली असू शकते. नळी दुमडलेली असू शकते. वाटीतला फ्लोट खाली बसला असेल. मेन जेटमध्ये कचरा असेल. हा जेट मुख्यतः पाऊणपेक्षा जास्त अ‍ॅक्सिलरेटर पिळला की कामाला येतो, त्यामुळे गावात त्याची चुगली लागत नाही. उस्तादांनी यातले काहीच उघडले नाही. कार्ब्युरेटरची नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडली, कॉक उघडला आणि घड्याळ पाहू लागले. आधी धार छान पडली. मग बारीक झाली. मग सुतासारखी. मग त्यांनी टाकीचे झाकण उघडले. फुस्स असा आवाज आला आणि धार पुन्हा जोरात सुरू.

टाकीतले पेट्रोल खाली उतरायचे तर वरून तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक छिद्र असते. ते बुजले की आत हवेचा दाब घटतो आणि पेट्रोल खाली यायला नाखूश होते. टाकी फुल असेल तर हे आणखी लवकर होते, कारण आत हवेला जागाच थोडी. या गाडीच्या झाकणावर होती दुधाची प्लास्टिक पिशवी. पावसाचे पाणी टाकीत जाऊ नये म्हणून आपाने मायेने झाकणाभोवती घट्ट गुंडाळून वर रेग्झिनचे कव्हर ओढले होते. हवा कुठूनतरी झिरपत होती. गावच्या वेगाला तेवढी पुरत होती. आणि गॅरेजवाले दरवेळी पेट्रोल पाहायला झाकण उघडायचे, तेव्हा दाब आपोआप सुटायचा. गल्लीतल्या चकरेत गाडी मरणार कशी?

उस्तादांनी वीस रुपये घेतले. तेही चहाचे.

आता 'तुटते' त्याबद्दल. गाडी न्यूट्रलला उभी करून रेस द्यावी. न्यूट्रलला इंजिनावर ओझे नसते, पेट्रोल थोडेच लागते. तरीही ठरावीक रेसला मरत असेल तर संशय करंटवर. पंधरा-वीस मिनिटे चालल्यावर मरते आणि थंड झाल्यावरच चालू होते, तर कॉइल तापून साथ सोडते आहे. खड्ड्यात किंवा हँडल वळवताना मरते, तर हँडलच्या मानेपाशी वायर आतून तुटलेली असते. वरचे आवरण शाबूत असल्यामुळे ती दिसत नाही. मरताना हॉर्न आणि इंडिकेटरही गेले तर बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज नाहीतर मेन स्विच पाहावा. साइड स्टँडचा स्विचही हा खेळ करतो.

जुन्या गाड्यांची तऱ्हा न्यारी. म्हैसूरला बनणारी येझदी 1996 साली कारखाना बंद झाल्यावर थांबली, तरी पुण्यात तिचे आशिक पुष्कळ. तिच्यात कॉन्टॅक्ट पॉइंट असतात, साधारण 0.4 मिलिमीटर उघडणारे. त्यांची स्प्रिंग सैल पडली की जास्त वेगाला पॉइंट वेळेवर मिटत नाहीत आणि ठिणगी चुकते. शिवाय टू-स्ट्रोक असल्यामुळे सायलेन्सरमध्ये तेलाची काजळी साचते. धूर बाहेर पडायला वाट नसेल तर नवे पेट्रोल आत यायचे कुठून? त्या गाडीला प्लग नको, सायलेन्सर साफ करून हवा.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्ब्युरेटर गेला. आता टाकीत विजेचा पंप असतो आणि इंजेक्टर. म्हणून दुखणे गेले असे नाही. पंपाचा फिल्टर भरला की गावात तो पुरतो आणि हमरस्त्यावर कमी पडतो, हिशोब वरचाच. त्यात 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की ती दोघे पेट्रोलपासून फारकत घेऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिनाला पेट्रोल मिळते ते तळाचेच. महिना-दोन महिने पावसात उभ्या असलेल्या गाडीची टाकी म्हणूनच आधी रिकामी करून पाहावी.

पहिला झटका बसला की क्लच दाबा, इंडिकेटर द्या, आरशात पाहून डावीकडे सरका; पुन्हा पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर पिळत लेनमध्ये राहू नका. कडेला सुरक्षित थांबल्यावर टाकीचे झाकण उघडून ऐका. मग कागदावर चार गोष्टी लिहा: वेग किती होता, किती वेळ चालवल्यावर मेली, टाकीत पेट्रोल किती होते, आणि विझली की तुटली. मेकॅनिकला चावी देण्याआधी तो कागद द्या.